फ्लॅनेलचा पट

अक्कांच्या घरात मिठाच्या बरणीलाही ड्रॉइंग नंबर होता. बरणीवर चिकटवलेल्या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन रकाने आखलेले असत : काढलं, तपासलं, बदल. मिठाच्या बरणीवर 'बदल' या रकान्यात एक 'ब' होता. चौकशी केली तेव्हा कळलं की पूर्वी या बरणीत साखर असायची. मी म्हटलं, एवढं लिहून ठेवायची काय गरज, चव घेतली की कळतंच. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी त्या घरात चवीवर विसंबलो नाही.

त्या निवृत्त ट्रेसर होत्या. गिंडीच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली. इंजिनिअर पेन्सिलीने आराखडा काढायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून अक्का तो शाईने गिरवायच्या. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, तीही अशी की कापडाला कळता कामा नये. चेन्नईच्या दमट हवेत ते कापड फुगतं, म्हणून सकाळी धरलेलं ड्रॉइंग संध्याकाळच्या आत संपवायचं असा तिथला शिरस्ता होता. कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर गेले. अक्कांबरोबर मात्र सगळा शिरस्ता घरी आला. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो ड्रॉइंगं गिरवली, पण 'काढलं' या रकान्यात त्यांचं नाव एकदाही लागलं नाही, कारण काढलेलं नेहमी दुसऱ्याचं असायचं. हे त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मीच मागाहून हिशेब मांडला.

मी मूळचा इचलकरंजीचा. अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी लागली आणि पहिले चार महिने तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये काढले. मॅन्शन हा शब्द ऐकून आईने गल्लीत सांगून टाकलं होतं की पोरगा बंगल्यात राहतो. प्रत्यक्षात ती एकट्या पुरुषांची चार मजली इमारत होती आणि माझ्या खोलीत खाट उघडली की दार उघडत नसे. तिथल्या मेसवाल्याने अक्कांच्या गच्चीवरच्या खोलीचा पत्ता दिला. जाऊन तोडक्यामोडक्या तमिळमध्ये बोलायला लागलो, तर समोरून मराठी आलं. साधं नव्हे, तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी पेटीत घालून ठेवलेलं आणि मधूनमधून तमिळची हवा दाखवलेलं. काय काम करतोस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तपासतो. कोणाचं? दुसऱ्यांनी केलेलं. अक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "सेरि" म्हणून किल्ली हातात दिली. सेरि म्हणजे ठीक आहे. ना अनामत रकमेची बोलणी, ना शाकाहाराची चौकशी. त्यांना भाडेकरू नकोच होता, तपासनीस हवा होता.

कारण त्यांचा एक नियम होता आणि तो त्या दिवसातून दोनदा तरी ऐकवत : "जो काढला तो तपासायचा नाहीं." आपली चूक आपल्याला दिसत नाही, डोळा ती गिळून टाकतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दारातला कोलम, म्हणजे तिथली रांगोळी, तीही त्या तपासून घेत. इतर बायका पहाटे अंदाजाने ठिपके टाकून मोकळ्या होत. अक्का आधी दोऱ्याने अंतर धरत, मग ठिपके, मग रेघा, आणि शेवटी समोरच्या झाडाखाली इस्त्रीचा गाडा लावणाऱ्या माणसाला हाक मारत. तो बिचारा हातातला कोळसा ठेवून यायचा, कोलमभोवती एक फेरी मारायचा आणि मान डोलवायचा. एकदा तो गंमतीने म्हणाला, डावीकडची पाकळी बारीक आहे. अक्कांनी मोजलं. खरंच बारीक होती, दोन मिलिमीटरने. त्या दिवसापासून इस्त्रीवाल्याला रोज सकाळची कॉफी सुरू झाली आणि त्याची गंमत कायमची बंद झाली.

मी राहायला आलो तेव्हा ही जबाबदारी अर्धी माझ्यावर आली. सांबार पुडीचं माप, विजेच्या बिलाचा आकडा, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी, सगळं माझ्यापुढे यायचं आणि 'तपासलं' या रकान्यात मी सही करायचो. कारखान्यात दिवसभर तेच करून आलेलो असायचो. कंटाळा यायचा, कबूल करतो. बऱ्याचदा मी न पाहताच सही ठोकायचो. अक्कांना ते कळत असणार, पण रकाना भरला की त्यांचं समाधान होई.

फ्लॅनेल या घरात आलं ते ऐन उकाड्यात. एका रविवारी अक्कांनी सावकारपेठेतून हे एवढं गाठोडं आणलं. बाळंतविड्याच्या दुकानातून घेतलं होतं, त्यामुळे कापडावर बदकं होती, ढग होते, काही तुकडे साधे पिवळे आणि निळे होते. दुकानदाराने नातू की नात असं विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "पट." त्याने पुढे काही विचारलं नाही.

चेन्नईत फ्लॅनेलचं पांघरूण शिवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. इथे लोक चादरसुद्धा पायाशी लोटून झोपतात. माझ्याआधी त्या खोलीत एक मुलगी राहायची, तिने मोबाइलवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ अक्कांना दाखवला होता. आपल्याकडे जशी गोधडी, आमच्या भागात जिला वाकळ म्हणतात, तसलाच प्रकार, पण उफराटा. फ्लॅनेलचे चौकोन कापायचे, तीन-तीन एकावर एक ठेवायचे, ते हलू नयेत म्हणून मधून टीप मारायची, आणि मग चौकोनाला चौकोन जोडताना शिवण आत न दडवता मुद्दाम वरच्या अंगाला ठेवायची. त्या बाहेर आलेल्या काठांना कात्रीने जवळजवळ चिरा द्यायच्या, पण टिपेला धक्का लावायचा नाही. मग धुवायचं. धुतलं की चिरलेले काठ पिंजतात आणि प्रत्येक चौकोनाभोवती मऊ झालर उभी राहते. अक्कांनी आता तो माझ्या मोबाइलवर बऱ्याच वेळा पाहिला, मोबाइल परत केला आणि ड्रॉइंग काढायला बसल्या. पाच आडवे, पाच उभे, असे पंचवीस चौकोन. 'काढलं' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी त्यावर सही केली तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

हे सगळं कुन्नूरच्या बहिणीसाठी होतं. अक्का आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. दोघींनी लग्नं केली नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. धाकटी कुन्नूरला शाळेत शिकवायची, निवृत्त होऊन तिथेच दोन खोल्यांत राहायची. दर मे महिन्यात अक्का तिच्याकडे जायच्या आणि दोघी जमिनीवर खडूने पट आखून दायम खेळायच्या. आपल्याकडच्या कवड्यांच्या खेळासारखाच तो : पाच गुणिले पाच घरं, चार कवड्या, प्रत्येकीच्या चार सोंगट्या. बाहेरच्या रांगेतून पूर्ण फेरा घालायचा, मग आतल्या रांगेत शिरायचं, मग मधल्या घरात. पाच घरांवर फुली असते, तिथे बसलेल्या सोंगटीला मारता येत नाही. लहानपणापासून या दोघी हे खेळत आल्या होत्या आणि अक्का बहुतेक वेळा जिंकत होत्या.

त्या वर्षीच्या मेमध्ये खेळ मोडला. धाकटीला काचबिंदू होता, नजर बाजूंनी आत आत येत चालली होती. खडूच्या रेघा तिला दिसेनात. सोंगटी भलत्याच घरात ठेवली, अक्कांनी ती उचलून बरोबर घरात ठेवली. दुसऱ्यांदाही असंच झालं. तिसऱ्यांदा धाकटीने हाताने सगळा पट पुसून टाकला आणि सांगितलं की पुन्हा माझ्याबरोबर खेळायला येऊ नकोस. त्यानंतर ती फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. घरात काम करणारी बाई सांगायची, अंथरुणातून उठत नाहीत, हाक मारली तर भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जी काही उरली आहे ती नजर फार तर वर्षअखेरपर्यंत.

अक्कांनी मला हे सगळं एका संध्याकाळी चौकोन कापता कापता सांगितलं, बरणीतलं मीठ संपलंय या सुरात. शेवटी म्हणाल्या, "थोडें दिसतें तोंवर पट तिच्या हातांत द्यायला पाहिजे. डोळा बोटाला शिकवायचा. मागाहून कोण शिकवणार?"

पटाची झालर हेच घराचं कुंपण. बोट फिरवलं की झालर लागणार, म्हणजे घर संपलं. पट मांडीवर पसरला तरी सोंगट्या घसरायच्या नाहीत, झालर अडवणार. सोंगट्या बोटाला वेगळ्या कळाव्यात म्हणून एकीच्या गुंड्या आणि दुसरीचे चिंचोके. व्हिडिओतल्या बाईने प्रत्येक चौकोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टीप मारून फुली केली होती. अक्कांनी फुली फक्त पाच घरांवर ठेवली, बाकी घरांवर एकच आडवी टीप. हा त्यांचा बदल 'ब'. कुन्नूरच्या थंडीत पांघरता येईल हा वरचा फायदा. मला ही सगळी योजना फार आवडली आणि मी तसं म्हटलं. अक्का म्हणाल्या, आवडलं का ते विचारलं नाही, तपासलंस का?

पुढचे चार महिने आमच्या घरात फ्लॅनेलचं राज्य होतं. कागदाचा साचा ठेवून प्रत्येक चौकोन आखायचा, कापायचा, मग माझ्यापुढे आणायचा. एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की बाद. फ्लॅनेल ताणलं की वाढतं आणि सोडलं की आकसतं, त्याला मिलिमीटर कसले, असं मी सांगून पाहिलं. अक्कांनी सांगितलं की ट्रेसिंगचं कापडही असंच होतं, त्याला शिकवावं लागायचं. बाद चौकोनांची थप्पी पास झालेल्यांपेक्षा उंच झाली. ते त्यांनी इस्त्रीवाल्याला दिले. त्याच्या बायकोला बाळ झालं होतं. म्हणजे बदकं शेवटी योग्य जागी पोचली. कापडही तिथेच संपलं. त्या रंगाचं, त्या जाडीचं फ्लॅनेल पुन्हा दुकानात आलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पंचवीस चौकोन जोडून झाले. सगळ्या शिवणी वर, अर्धा अर्धा इंच काठ बाहेर. राहिल्या होत्या फक्त चिरा आणि धुणं. कुन्नूरचं तिकीट काढलेलं होतं. आणि त्याच आठवड्यात माझी आई मला भेटायला आली.

माझी आई वाकळी शिवते. हौसेने नव्हे, सवयीने. आमच्या गल्लीत बाळंतीण असो की परगावी निघालेला पोरगा, आईची वाकळ त्याच्या आधी पोचते. तिच्या वाकळीला उलट-सुलट शोधून काढावं लागतं, इतका टाका दोन्हीकडून सारखा. ती आली आणि अक्कांचं आणि तिचं पहिल्याच दिवशी जमलं. निदान मला तसं वाटलं. दोघी आपापल्या मराठीत बोलायच्या, अर्धं समजायचं आणि उरलेलं अर्धं दोघी मानेने भरून काढायच्या. आईने मिठाच्या बरणीवरचा कागद वाचला आणि मला बाजूला घेऊन विचारलं की बाई एकट्या असतात म्हणून असं होतं का.

तिसऱ्या दिवशी अक्का हयातीचा दाखला द्यायला पेन्शनच्या ऑफिसात निघाल्या. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे तिथे जाऊन सांगावं लागतं आणि रांग मोठी असते. निघताना त्यांनी मला सांगितलं की पट खाटेवर आहे, आईला त्याबद्दल सांगून ठेव. मी होय म्हटलं. मला अंबत्तूरची गाडी गाठायची होती. मी डबा घेतला, चपला घातल्या आणि न सांगताच निघालो. विसरलो असं म्हणून चालणार नाही. सांगायला पाच मिनिटं लागली असती आणि मला ती द्यायची नव्हती. त्याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी मी आणि अक्का जवळजवळ एकाच वेळी घरी पोचलो. आई खाटेवर पट पसरून बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात सुई. म्हाताऱ्या बाईने एवढं कष्टाने शिवलं आणि सगळं उलटं शिवलं, उसवलेले काठ वर आले, हे तिच्याने बघवलं नव्हतं. सकाळी आठपासून ती ते सरळ करत होती. काठ आत मुडपून, मधले जास्तीचे थर कातरून टाकून, वरून बारीक टाक्याने पक्कं करत बाहेरून आत निघाली होती. चहूकडचा काठ झाला होता. बाहेरच्या रांगेतल्या सोळाही घरांमधल्या शिवणी झाल्या होत्या. ती आता आतल्या रांगेकडे वळत होती. टाका अप्रतिम होता. एवढं मात्र मी तेव्हाही पाहिलं.

अक्का खाटेजवळ आल्या. त्यांनी पट उचलला, उजेडाकडे धरला आणि एका शिवणीवरून नख फिरवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"हें कोण तपासलें?"

आई हसून म्हणाली, "उलटं झालतं अक्का, सरळ केलं. ऱ्हायलेलं उद्या करते." आणि मग आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून तिचं हसू तिथेच राहिलं.

मी तिला सगळं सांगितलं. बहिणीचे डोळे, झालर, पट, तिकीट. सकाळी सांगायचं ते संध्याकाळी सांगितलं. आईने सुई कापडात खोवली आणि चष्मा काढला. मग म्हणाली, उसवून देते. अक्कांनी मान हलवली. थर कातरले गेले होते. उसवून झालर व्हायला तिथे काठच उरले नव्हते, आणि फ्लॅनेलची उसवलेली शिवण भोकं ठेवून जाते. नवे चौकोन करायला कापड नव्हतं, आणि तिकीट पाच दिवसांवर होतं. अक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आईला कॉफी करून दिली, डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीत ओतून, साखर बघून, आणि स्वतः आतल्या खोलीत गेल्या. त्यानंतर आईशी त्या कॉफी आणि जेवण सोडून एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या आतल्या शिवणींना स्वतः चिरा दिल्या. मी कात्री मागितली, ती मिळाली नाही. आई उंबऱ्यात बसून पाहत होती. पट बादलीत भिजवला, दगडावर आपटला, तेव्हा मोरीत निळ्या-पिवळ्या पिंजलेल्या धाग्यांचा लगदा साचला. तो आईने न विचारता उपसून टाकला. चेन्नईचा खरा पाऊस नोव्हेंबरातच असतो, त्याने उघडीप दिली नाही, म्हणून पट दोन दिवस पंख्याखाली दोरीवर वाळत होता. वाळला तेव्हा आत नऊ घरांभोवती छान गुबगुबीत झालर उभी राहिली होती, आणि बाहेरची सोळा घरं तशीच राहिली होती, मुडपलेली, गुळगुळीत, नुसता शिवणीचा उंचवटा. डोळ्यांना ते चमत्कारिक दिसायचं. अर्धवट सोडलेलं काम वाटायचं.

आई त्याच दिवशी परत गेली. निघताना ती अक्कांच्या पाया पडली. अक्कांनी तिच्या हातात कुंकवाची पुडी आणि केळी दिली, रीतीप्रमाणे. गाडीत बसल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "त्यांच्या बहिणीनं खेळ नाही मांडला तर मला कळव. आणि मांडला तरी कळव." घरी पोचल्यावर रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न तोच असायचा.

अक्का कुन्नूरला गेल्या त्या संक्रांत, म्हणजे इथला पोंगल, उलटल्यावर परत आल्या. एवढ्या दिवसांत त्यांचा एकच फोन आला, तोही गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली का हे विचारायला. मी पटाचं विचारलं, तर म्हणाल्या की फोनवर ड्रॉइंग सांगत नसतात. आल्या त्या दिवशीही आधी बरण्या पाहिल्या, मग इस्त्रीवाल्याला बोलावून मागच्या पावणेदोन महिन्यांत दारात कोलम कोण काढत होतं ते विचारलं. मी काढत होतो. तो म्हणाला, बाद.

मग त्यांनी कॉफी केली आणि माझ्यासमोर बसून, नेहमीच्या त्या मिठाच्या सुरात, सांगितलं. पहिले तीन दिवस धाकटीने पटाला हात लावला नाही. अक्कांनी तो तिच्या पांघरुणावर पसरून ठेवला आणि स्वतःशीच दोन्ही बाजूंनी खेळत बसल्या, चिंचोक्यांसाठी एकदा, गुंड्यांसाठी एकदा. चौथ्या दिवशी धाकटीचा हात पांघरुणाखालून आला. तिने बाहेरचं एक घर चाचपलं, आतलं एक घर चाचपलं, पुन्हा बाहेरचं, पुन्हा आतलं. मग विचारलं की हे बाहेरचं कोणी शिवलं, हा तुझा हात नव्हे. अक्कांनी सांगितलं, चूक आहे ती, एका बाईने केलेली. धाकटी म्हणाली, चूक कसली? सगळीकडे झालर असती तर सोंगटी बाहेरच्या रांगेत आहे की आतल्या, हे मला दर खेपेला काठापासून मोजावं लागलं असतं. आता बोट ठेवलं की कळतं. गुळगुळीत लागलं तर बाहेर, झालर लागली तर आत. तुला दिसतं, म्हणून तुझ्या डोक्यात हे आलं नाही.

एवढं सांगून अक्कांनी आपला डबरा उचलला. त्यातली कॉफी एकदा पेल्यात ओतून खालीवर केली.

"तूं डोळे उघडे ठेवून तपासलास," त्या मला म्हणाल्या. "मीही. एकदां मिटून बघायचें होतें. दोघांनाही सुचलें नाहीं."

मी विचारलं, मग खेळलात?

"रोज. डोळ्यांवर पट्टी बांधून खेळ म्हणाली, तशी खेळलों. माझी सोंगटी मारली ती. न बघतां मारली." आणि मग, मी त्या घरात राहिलो त्या साडेतीन वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं, अक्कांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलं नाही. उठून टाकी बघायला गेल्या.

आठ दिवसांनी त्यांनी मला पत्र्याची एक नळी दिली, जुनी, ड्रॉइंगं ठेवायची, आणि इचलकरंजीला पाठवायला सांगितलं. पाठवण्याआधी मी उघडून पाहिली. पटाचं ड्रॉइंग होतं, ट्रेसिंगच्या कापडावर, शाईने, कुन्नूरला असतानाच काढलेलं. ते कापड त्यांनी कोठून काढलं देव जाणे. बाहेरच्या सोळा घरांच्या शिवणी साध्या रेघेने दाखवल्या होत्या, आतल्या नऊ घरांभोवती बारीक बारीक केसांसारखी झालर. प्रत्येक केस वेगळा. खाली उजव्या कोपऱ्यात रकाने. बदल 'अ', मूळ. बदल 'ब', फुल्या पाच. बदल 'क', बाहेरच्या शिवणी मुडपल्या, कारण : बोटाला कळतें. 'क'पुढे बदल करणाऱ्याचं नाव होतं, माझ्या आईचं, आडनावासकट, इतक्या सुंदर अक्षरात की तिने ते आयुष्यात कधी तसं लिहिलेलं पाहिलं नसेल. 'काढलं' यापुढे अक्कांचं नाव होतं. 'तपासलं' या रकान्यात माझं नाव एका सरळ रेघेने खोडलेलं होतं. खरवडलं नव्हतं. अक्कांना ब्लेडने खरवडून मागमूस न ठेवता ते काढता आलं असतं, पण त्यांनी ते खोडून दिसतं ठेवलं होतं. आणि त्याखाली, रकान्याच्या चारी रेघा ओलांडून, वेडीवाकडी, मोठी, धाकटीची सही.

मी आता पुण्याकडे असतो, चाकणला. सही करण्याआधी एकदा डोळे मिटतो, त्याला सहकारी हसतात. अक्का कुन्नूरला राहायला गेल्या. धाकटीला आता अजिबात दिसत नाही आणि तीच जास्त वेळा जिंकते, असं इस्त्रीवाल्याकडून कळतं, त्याला अजून अक्कांचं पोस्टकार्ड येतं. ते ड्रॉइंग आईने काच लावून बाहेरच्या खोलीत टांगलं आहे. येणारे-जाणारे त्याला घराचा नकाशा समजतात आणि प्लॉट कुठे घेतला म्हणून विचारतात. आई त्यांना जवळ नेऊन आपलं नाव दाखवते. कोणीतरी खालच्या खोडलेल्या नावाबद्दल विचारतंच. मी तिथे बसलेलो असलो तरी ती माझ्याकडे बघत नाही.

"त्यो तपासायला होता," म्हणते, आणि चहा ठेवायला आत जाते.